काळी पाच

वडशाहून निघताना डोमाजी म्हणाले,
"तुझी गाडी काळी पाचमध्ये रडून राहिली."

डोमाजी आमच्या मंडळाचे ऑर्गनवाले.
त्यांना माणसं चेहऱ्यानं आठवत नाहीत,
पट्टीनं आठवतात.
मी हसलो. बोनेट उघडलं,
पट्ट्यावर ओंजळभर पाणी मारलं.
चिरकणं थांबलं.
तोंड बंद झालं म्हणजे दुखणं गेलं,
असं मी धरून चाललो.

लतीफ मिस्त्रीनं तर दिवाळीच्या आधीच
पट्टा उलटा वळवून दाखवला होता.
आतल्या दात्यांत भेगा,
मे महिन्यातल्या बोडीच्या तळाला पडतात तशा.
एक कड सुतासुतानं सुटलेली,
आणि पाठीवर चकाकी,
जशी जुन्या पँटच्या बुडाला येते.
"पट्टा एक आहे बे, खाणारे किती ते मोज,"
असं म्हणून तो बोटं मोडायला लागला.
पाण्याचा पंप.
पंखा.
डायनामो.
स्टिअरिंग.
एवढ्यात माझा फोन वाजला.
मुरूमगावची तारीख पक्की करायची होती.
अंगठा त्याच्या हातात तसाच राहिला.

नवा पट्टा साडेसातशेचा.
मी म्हटलो, सीझन जाऊ दे.
रोज नाटक, रोज नवं गाव,
आणि गाडी तर चालूनच राहिली ना.

जी चालून राहते, तिच्याकडे कोण बघतो.

कुरखेड्याच्या पुढं, उताराला,
रात्रीचे अडीच.
मागं अकरा जण, अर्धा रंग तोंडावर तसाच,
खलनायक हिरोच्या खांद्यावर घोरत.
बोनेटखाली फट् झालं,
ओली चप्पल फरशीवर आपटावी एवढंच.
मग शांत.
खरं सांगतो, मला पहिल्यांदा बरंच वाटलं:
ते रडणं तरी थांबलं.

मग बॅटरीचा लाल दिवा.
मग वळण आलं
आणि स्टिअरिंग फिरेचना,
जसं खालून कोणी दोन्ही हातांनी धरून ठेवलं.
मी अंगाचं वजन टाकून ओढलं,
सागाची झाडं काचेवर आली नि गेली.
ब्रेक मारला, लागला.
मारला, थोडा लागला.
तिसऱ्यांदा पायाखाली दगड.

तेव्हा मला तो अंगठा आठवला.
डायनामोच्या पाठीवरच बसतो
ब्रेकची हवा ओढणारा पंप,
लतीफ तेच सांगत होता.

चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा,
गिअर किंचाळत खाली आले.
रस्त्याच्या कामाचा गिट्टीचा ढीग होता,
त्यात डावीकडून शिरलो.
ढीग नसता तर, हे वाक्य
मी अजून पुरं केलेलं नाही.
नलिनी जागी झाली, म्हणाली,
"आलं का गाव?"

काटा लालमध्ये, बोनेटमधून वाफ.
कोणी म्हणालं, कापड बांधून चालते.
नलिनीनं नाचाची ओढणी दिली,
पीळ देऊन पुलीवर बांधली.
पंचवीस पावलं गेलो असू,
मग जळक्या नायलॉनचा वास,
आणि तिची ओढणी गेली ती गेलीच.
बॅटरी उरावी म्हणून दिवे मालवले.
एक ट्रक हॉर्न न देता अंगावरून गेला.
मग मोबाइलचा उजेड मागच्या काचेला लावून
आळीपाळीनं उभे राहिलो,
थंडीत, झुडपांकडे न बघता.

उजाडल्यावर डोमाजींनी पट्ट्याचा तुकडा उचलला,
दोन्ही टोकं धरून ताणला, कानाशी नेला,
आणि काहीच बोलले नाहीत.
तो तुकडा त्यांनी ऑर्गनच्या पेटीत ठेवला.

आता रोज सकाळी, थंड इंजिनावर,
मी दोन बोटांनी पट्टा वळवून आतून बघतो.
मंडळातली पोरं हसतात: ड्रायव्हर नाडी बघून राहिला.
हसू दे.
डोमाजी पुढच्या सीटवर बसतात,
मी चावी फिरवतो,
ते डोळे मिटतात,
थोडा वेळ ऐकतात.

ते "चाल" म्हणेस्तोवर
मी हँडब्रेक सोडत नाही.