धर्मादा

सियागंजात एकतीस वर्षं मी मान खाली घालून लिहिलं.
जिरं, धणे, खोबरं, बडीशेप.
आता नाकाला कशाचाच वास येत नाही.
बिलाच्या तळाशी, हमाली आणि बारदानाच्या खाली,
एक बारीक ओळ असायची:
धर्मादा, शेकडा दहा पैसे.
गिऱ्हाईक कधी विचारायचं नाही.
देवाचं नाव आलं
की माणसं बेरीज तपासत नाहीत.

सोभागमलजी तपासायचे.
सूर्य मावळायच्या आत जेवणारा माणूस,
पाणी गाळून पिणारा, मुंगीला वळसा घालणारा,
आणि वेलचीच्या भावात नीमचच्या व्यापाऱ्याला
रडवून सोडणारा,
त्याच गादीवर, त्याच लोडाला टेकून.
"भावात अक्कल चालते, टोकेकर बाबू," म्हणायचे,
"मापात नाही."

धर्मादाची वही वेगळी, पिवळ्या पुठ्ठ्याची.
दिवाळीला तीही पाटावर बसायची,
पण तिच्यावर शुभ-लाभ नाही, नुसतं श्री.
"यातला लाभ आपला नाही.
आपल्या हातून जातो, इतकंच."
जायचा तो पांजरापोळच्या कडब्याला,
छावणीतल्या पाणपोईला, कबुतरांच्या ज्वारीला.

गेंदालाल फळीवरून पडला त्या दिवशी
नव्वद किलोचं पोतं आधी पाठीवर होतं, मग अंगावर.
मी पिवळी वही उघडून पेन्सिलीनं लिहिलं:
हमाल गेंदालाल, दवाखाना, बाराशे.
लिहिताना जरा बरंही वाटलं,
पुण्य जणू मलाच सुचलं होतं.

शेठनी चष्मा वर केला.
"खोडा."
मी खोडलं. मनात म्हटलं, कबुतराला ज्वारी,
आणि याला?
"हे धर्मादात बसत नाही, बाबू. हे देणं आहे.
लोकांच्या पैशानं आपलं देणं फेडायचं
आणि वर पुण्य मांडायचं?
माझ्या नावे टाका."

टाकलं. एम.वाय.मध्ये तो एकोणीस दिवस होता,
घरी पाच महिने.
दर पहिल्या तारखेला त्याच्या बायकोपुढे मीच नोटा मोजायचो,
अंगठा तिचा, शाई माझी.

ती गोष्ट मी पुढे कितीकांना सांगितली,
लग्नात, गणपतीत, शेजारच्या मुलांना.
सांगताना एवढंच गाळायचो:
हमालीचा दर पोत्याला सव्वा रुपया,
सात वर्षं तोच,
शेठनी ठरवलेला, माझ्या सुवाच्य अक्षरातला.
त्या आकड्यावर त्यांनी कधी चष्मा वर केला नाही,
मी कधी पेन्सिल उचलली नाही.

आता नातू बघतो. हर्षिल. मुलगा वाईट नाही.
हमाल ठेकेदाराचे आहेत,
म्हणजे पडले तर ठेकेदाराचे पडतात.
सॉफ्टवेअरमध्ये धर्मादाला रकाना नव्हता.
त्याऐवजी जूनमध्ये दप्तरं वाटतात, फोटो निघतो,
मागच्या फलकावर फर्मचं नाव
पुढच्या मुलांपेक्षा उंच.

निवृत्तीच्या दिवशी मी पिवळी वही मागितली.
"घ्या ना काका, रद्दीतच चालली होती."
कागद उजेडात तिरका धरला
की खोडलेली ओळ अजून वाचता येते.

परवा विजयनगरच्या मॉलमध्ये
तेल, साबण, अर्धा किलो पोहे घेऊन रांगेत होतो.
गल्ल्यावरची मुलगी म्हणाली,
"सर, दोन रुपये दान करणार? बिल राउंड होईल."
"कोणाच्या नावे?"
ती हसली. तिला पुढचं वाक्य शिकवलेलं नव्हतं.
मागचा माणूस घड्याळ बघू लागला.

मी चष्मा वर केला.
ती एका पायावर भार देऊन उभी होती,
मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या.
"बेटा, तुला बसायला स्टूल नाही देत?"

तिनं उत्तर देण्याआधी
वर, कॅमेऱ्याकडे पाहिलं.