वाडी नाक्यामागचं यार्ड

सकाळचे सात. यार्डातलं सगळं लोखंड गार,
फक्त पिवळ्या लोडरचं बॉनेट कोमट.
"आमच्या आंधीच कोनं उठवलं हिले?"
मेश्राम मिस्त्री हसला.
जसपालसिंगनं चहा मागवला.

मीटर म्हणतो, दोन हजार तास.
पेडल म्हणतं, काहून खोटं बोलून राह्यला बे.
त्याची नक्षी घासून घासून
पार आरसा झालेली.
रंग ताजा. ऑइल गळतंय तिथंही ताजा.

मागे, भिंतीकडे, दुसरी.
सीट फाटलेली, काच नाही,
रबरी पट्ट्यांना भेगा,
स्प्रॉकेटचे दात म्हाताऱ्या कुत्र्याचे.
पण दाराच्या आत खिळ्यानं कोरलेलं:
ऑइल बदली, तारीख.
ऑइल बदली, तारीख.
एका ठिकाणी नुसतं,
आज सुटी, पोरगी झाली.

मिस्त्रीनं रोलरमधून
घाणेरीचं वाळकं मूळ उपसलं,
हुंगलं.
"हिले काम माहीत हाय."

हिंगण्याची सतरा एकर बाभूळ डोळ्यांपुढे,
नव्या पट्ट्यांचा खर्च वेगळा.
चहा निवेपर्यंत
मी घासाघीस केली,
पण मनापासून नाही.