दोनशे बारा

स्वयंपाकघराच्या भिंतीवर
सुतारी पेन्सिलीची एक रेघ आहे,
जमिनीपासून दोनशे बारा सेंटिमीटर.
गोचामामानं तीनदा मोजली.
तो टेप वाकडा धरतो, म्हणून चौथ्यांदा मी.

रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी
नेस्तान अनवाणी उभी राहते, टाचा उचलते,
पोटऱ्या थरथरतात,
बोटांची टोकं रेघेवर. हुश्श.
"आज जरा वर गेलीस," मी म्हणते.
"की घर खचतंय?"
दोन्ही शक्य आहे.
त्स्काल्तुबोचं हे जुनं आरोग्यधाम,
इथं पूर्वी लोक गुडघे बरे करायला यायचे.
आम्ही सुखुमीहून आलो ते आठवड्याभरासाठी.
मी पाच वर्षांची होते, नेस्तान व्हायची होती.
तो आठवडा अजून चालू आहे.

पूर्ण उंचीचा फोटो हवा, मागे पांढरी भिंत.
पांढऱ्या भिंतीसाठी चार मजले पालथे घातले.
शेवटी सापडली, पूर्वीच्या इंजेक्शनच्या खोलीत,
एका माणसापुरती.
बूट लामाराचे, एक नंबर मोठे,
पुढे कापूस.
हसू नैसर्गिक असावं, असं कागदावर लिहिलंय.
नैसर्गिक हसण्याचा सराव आठ दिवस चालू आहे
ओव्हनच्या काचेत.
पहिले तीन दिवस दाढ दुखत असल्यासारखी दिसायची.

संध्याकाळी मी प्रवासी होते.
राजम्याची ताटली ढकलून ओरडते,
मला चिकन हवं होतं!
ती कमरेतून नाही, गुडघ्यातून वाकते, इंग्रजीत म्हणते,
क्षमा करा, चिकन आत्ताच संपलं.
"या घरात होतं कधी?" आई आतून.
तिला इंग्रजी येत नाही,
पण चिकन कळतं.

प्रश्न नववा.
भीतीनं गोठलेल्या माणसाला तुम्ही कसं सावराल?
नेस्तान बोटं मोडते. पाणी देईन.
शांत आवाजात बोलेन. वरिष्ठांना...
आणि तेवढ्यात सात चाळीसचं विमान,
कुताइसीला उतरणारं, नेहमीसारखं खाली.

आई गॅस बंद करते.
दाराच्या चौकटीत जाऊन उभी राहते,
मग बसते.
ते कोणतं विमान आहे, कुठून सुट्टीवर आलेली माणसं आणतंय,
हे तिला वीसदा सांगून झालंय.
तिच्या कानांना सांगून झालेलं नाही.

नेस्तान उत्तर अर्धं टाकून उठते,
शेजारी फरशीवर बसते.
हात धरत नाही. नुसता ठेवते, जवळ, उताणा.
बोलते भलतंच: बटाटे महागले,
लामाराच्या मांजरीला पाच झाली, एक अगदी गोचामामासारखं.
आवाज कौलांवरून जातो, डोंगराकडे,
मग नुसता कुत्रा भुंकतो.
आई काडी ओढते. राजमा पुन्हा रटरटू लागतो.

"हं, नववा," नेस्तान परत येऊन बसते.
"कुठवर आले होते मी?"
"पाणी देईन."
"हां. पाणी देईन."

मी बोलले नाही.
जिभेवर होतं, दातांपर्यंत आलं होतं.
पण ते आईचं होतं.
तिबिलिसीच्या हॉटेलात, टाय लावलेल्या तिघांपुढे
ते मांडायचं की नाही,
हे मी कोण ठरवणार?
नेस्तानला सुचलं तर सुचेल.

पहाटे चारला मार्श्रुत्का सुटली.
बूट पिशवीत, शर्ट हँगरला, ड्रायव्हरच्या मागे टांगलेला,
वळणावर तोच आधी झुकला.
परत आले तर स्वयंपाकघरात दिवा.
आई भिंतीशी उभी, टाचा उचलून, हात वर.
रेघ चार बोटं राहिली.
मला पाहून तिनं हात ॲप्रनला पुसला,
जणू भिंत ओली होती.

"किती वाजता बोलावलंय?"
"नऊला."

नऊपर्यंत ती काही बोलली नाही.
नऊला म्हणाली, "बोलताना ती केसांना हात लावते.
सांगितलंस ना, लावू नको म्हणून?"