चार इंची

नागदेवी स्ट्रीट, दुपारचे सव्वातीन.
पेडामकर मिस्त्रींनी पिशवीतून जुनं मशीन काढलं
आणि काउंटरवर ठेवलं,
आजारी कोंबडी ठेवावी तसं, एका कुशीवर.
जळालेल्या आर्मेचरचा वास अजून जाळीत होता.

मी नवा खोका फोडला, नेहमीचं सुरू केलं:
चौदाशे वॅट. मिनिटाला तेरा हजार फेरे.
पातं एकशे दहा मिलिमीटर, म्हणजे आपलं चार इंची.
सरळ धरा, चौतीस मिलिमीटर खोल जातं,
पंचेचाळीस अंशांत कलवा, जरा कमी.
वजन तीन किलोच्या आत.
वॉरंटी सहा महिने, कार्बन सोडून.

ते माझ्या ओठांकडे बघत होते.
तीस वर्षांच्या फरशांनी
त्यांचे कान नुसते चष्मा अडकवायला ठेवलेत.

खोक्याच्या तळाशी, बारीक अक्षरात,
आवाजाचाही आकडा होता.
तेवढा मी वाचला नाही.

दुकानातल्या नव्या पोरानं, प्रणीतनं,
पातं उलटसुलट करून दाखवलं: याला दात कुठेत?
मिस्त्री हसले.
“दात लाकडाला. फरशीला चावायचं नसतं बाळा,
झिजवायचं.
हिऱ्याचा चुरा आहे तो, त्याला त्याचा वेळ घेऊ दे.
घाई केलीस की कोपरा उडतो,
आणि कोपरा माझ्या मजुरीतनं कापतात.”

पाण्याची नळी सोबत येते, मी म्हटलं.
नको म्हणाले.
बाटलीचं बूच, तापल्या खिळ्याची तीन भोकं, बस.
“मुलुंडचे सहा टॉवर बायकोनं पाणी धरलं.
पात्यावरच पडायचं, बरोब्बर.
आता भाचा धरतो.
माझी चप्पल भिजवतो.”

मग त्यांनी मशीन डाव्या हातात घेतलं.
डावखुरे आहेत, हे मला इतक्या वर्षांत
कधी दिसलंच नव्हतं.
पातं चुकीच्या अंगाला, रेघ मोटरच्या आड,
भुकटी सरळ तोंडावर.
डाव्या हाताचं येतं का, त्यांनी विचारलं नाही.
मीही, येत नाही, असं म्हणालो नाही.

प्लग लावला.
गल्लीतला हातगाडीवाला दचकून मागे वळला.
मिस्त्रींनी मोटरवर तळवा ठेवला,
डोळे मिटले,
तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तेवढा वेळ.
“बेअरिंग चांगलंय,” म्हणाले. जरा मोठ्यानंच.

दोनशे रुपये मी सोडले, पन्नास त्यांनी.
जुनं मशीन भंगारात घ्याल का? घेतलं.

जाताना खिशातून पाना काढून
त्यांनी नव्या मशीनचं गार्ड उतरवलं.
कोपऱ्यात आड येतं, म्हणाले,
आणि काउंटरवर ठेवून गेले.

गल्ल्याखालच्या खोक्यात
अशी अकरा गार्डं आहेत.
कोरी. एकावरही ओरखडा नाही.
प्रणीत विचारतो, ही विकायची का?
मी म्हणतो, राहू दे.
मग बारावं त्यांच्यावर ठेवतो,
हळूच, आवाज न करता.