रद्दीतला माळढोक

कन्ना चौकातल्या माझ्या छापखान्यात
ते पेन ड्राइव्ह घेऊन आले तेव्हा वीज गेलेली होती.
दोन हजार प्रती, आर्ट पेपर, वरून चकचकीत लॅमिनेशन.
मुखपृष्ठावर माळढोक, मान ताणून उभा,
त्याच्या पायाशी जाड ठशात :
शाश्वत पर्यटन, शाश्वत व्यवसाय.
मी म्हटलं, लॅमिनेशन कशाला? कुजत नाही ते.
हॉटेलवाले तंबाके म्हणाले,
म्हणूनच तर. टिकाय पाहिजे की ओ.

प्रूफ बघायला नान्नजहून औदुंबर ढेकळे आला.
पायजम्याला कुसळं, मोज्यांना कुसळं,
तो उठून गेल्यावर माझ्या खुर्चीलाही.
शुद्धलेखन त्यानं पाहिलंच नाही.
पक्ष्यावर अंगठा ठेवला,
म्हणाला, हा काढा.

सात वर्षं झाली माळ दाखवतोय लोकांना.
एकदा दिसला. पाठमोरा. तोच असेल तर.
लोक चित्र माझ्या नाकापुढं धरतात,
कुठाय म्हणतात,
जसा काय मी खिशात घालून हिंडतोय.
मग ड्रायव्हरला म्हणतात आत घे, अजून आत घे.
चाक गेलं तिथलं गवत पुढच्या पावसापर्यंत उठत नाही,
आणि चंडोलाची अंडी तिथंच असतात,
भुईमुगाच्या शेंगेपेक्षा मोठी नाहीत.

गवत छापा, म्हणाला. पवन्या छापा, कुसळी छापा.
लांडग्याचं पाऊल छापा, ते कधी खोटं पडत नाही.
आणि खाली लिहा :
एका वेळी दोनच गाड्या.

तंबाके हसले.
येऊ नका म्हणून सांगायला
जाहिरात कोण छापतं, श्रीनिवासराव?
मी छापल्या दोन हजार.
माझंही मशीन हप्त्यावरचं आहे.

आमचे नायना जेकार्डवर मोर विणायचे,
चादरीच्या चारी कोपऱ्यांत, आयुष्यभर.
लहानपणी विचारलं होतं, खरा मोर बघितलाय का?
पुठ्ठ्यात बघितलाय, म्हणाले,
भोकाभोकांतनं.
ती चादर लोक अजून पांघरतात.
मोर नाही दिसला म्हणून
कुणी परत आणून दिली नाही.

जानेवारीत मात्र अकरा पाहुण्यांनी पैसे परत मागितले.
पक्षी दाखवतो म्हणालात, दाखवला नाही.
औदुंबरच्या अंगठ्यानं जे झालं नाही
ते अकरा पावत्यांनी केलं.
तंबाके चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, कव्हर बदला.
गवत टाका. गवत तर दिसंलच की.

लॅमिनेशन गाळलं तर एवढे वाचतात, मी आकडा सांगितला.
गाळा, म्हणाले.
दोन गाड्यांची ओळ मी न विचारता घातली,
चौथ्या पानावर, बारीक टायपात,
जिथं एरवी प्रेसचा पत्ता असतो.
आता मुखपृष्ठावर नुसतं पिवळं गवत आहे
आणि वर तेवढंच आभाळ.
एकानं फोन करून विचारलं,
छपाईत काही राहिलंय का?

जुनी हजारभर कव्हरं शिवायची राहिली होती.
आतून कोरी. फेकवेनात,
आणि कुजणार तर नाहीतच.
कटिंगखाली घेतली, पावतीची पुस्तकं केली,
चटणीवाल्या यल्लुबाई कुडक्यालला दिली,
दोन सायकलवाल्यांना, एका लाँड्रीला.

परवा अर्धा किलो शेंगाचटणी आणली.
पावती उलटली तर
मान होती. मान आणि एक डोळा.
बायकोकडं पंखाचा तुकडा निघाला, इस्त्रीच्या सात कपड्यांमागं.
पाय कुणाकडं गेले माहीत नाही.

औदुंबर आला तेव्हा मानेची पावती त्याला दिली.
तेलाचा डाग पडला होता.
खिडकीशी नेऊन त्यानं ती बराच वेळ धरली,
म्हणाला, हां.
मान अशीच होती.