लोअर आर्म

अमर महालच्या पुलाखाली
डावं चाक फुटपाथच्या दगडाला लागलं,
एवढंच.
रिमवर नखाएवढा ओरखडा.
काही झालेलं नाही, असं मी सोसायटीत तिघांना सांगितलं.
घरी मात्र वेगळं बोललो.

पण गाडी डावीकडे ओढते.
सरळ रस्त्यावर स्टिअरिंगचा बिल्ला तिरका,
आणि गतिरोधकावरून उतरताना, एकदाच,
टक्.

कलिन्याला बस्त्याव मेस्त्री.
बोनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे ठेवून
गाडी दाबतो, सोडतो.
वर आली. बसली.
"शॉकअप जिवंत आहे."
मग बुशमध्ये पहार घालून हलवतो,
टायरवरून अंगठा फिरवतो:
आतून नवाकोरा, बाहेरून झिजलेला.
मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत सुतळी ताणतो
आणि एक डोळा मिटतो.
"आर्म वाकलाय. अर्धं बोट."

नंतर हात चिंधीला पुसत, सहज:
"पोर शिकत होतं काय?"

मी हवेच्या नळीकडे बघतो.

"शिकणारा घाबरला की ब्रेकवर उभा राहतो, साहेब.
वळवत नाही.
वळवतो तो बाजूचा."

समोरून एक स्कूटर आली होती.
आली होती म्हणजे, तिच्या लेनने जात होती.
शाल्मलीनं ब्रेक दाबलाच होता.
माझा उजवा हात.

त्या रात्री काचेवरचा लाल एल
तिनं स्वतःच नखांनी खरवडून काढला.
गोंदाचा चौकोन अजून आहे, त्यावर धूळ बसते.
बावीस दिवस ती चारशे चौतीसनं कॉलेजला जाते,
विचारलं तर म्हणते, बरी पडते बस.

नवा आर्म, नवा बॉल जॉइंट, अलाइनमेंट.
एअर इंडिया कॉलनीच्या रस्त्यावर
मेस्त्री माझ्या डावीकडे.
"आता हात सोडा."
सुटत नाहीत.
"सोडा की. मी काय पकडत नाही."

सोडले.
गाडी सरळ गेली,
एका कुत्र्याला पुरेसं अंतर ठेवून.

वाकलेला आर्म त्यानं वर्तमानपत्रात बांधून दिला,
म्हणाला, भंगारात तीस रुपये येतील.
तो मागच्या सीटवर आहे.

चेंबूरला, खाली पार्किंगमध्ये,
मी उतरतो, वळसा घालून डावीकडे जाऊन बसतो,
फोन लावतो.
काय? म्हणते.
किल्ली गाडीलाच आहे, म्हणतो.

वरून लिफ्ट निघाल्याचा आवाज.
मी दोन्ही हात मांड्यांखाली घालतो
आणि पट्टा लावायचा राहिला
म्हणून पुन्हा काढतो.