मिशीवरची झांज

आमच्या बँडचं नाव 'ओली काडेपेटी'.
व्हॅनच्या दारावर तिहोमीरने स्वतः रंगवलंय,
दार सरकवलं की अर्धंच नाव उरतं,
तेवढ्यावरही लग्नाची आमंत्रणं येतात.

तिहोमीर मधमाश्या पाळतो आणि गिटार वाजवतो,
दोन्हींचा आवाज सारखाच, असं त्याची बायको म्हणते.
वुकोसावा पोस्टात शिक्के मारते,
अकॉर्डियनही तशीच वाजवते: धाड, पुढचा!
मी ड्रमवर. एरवी गुरांचा डॉक्टर.
आणि मधोमध खुर्चीत स्पासोये आजोबा,
मांडीवर गुस्ले,
बकऱ्याचं कातडं, घोड्याच्या केसांची एकच तार.
तिला आम्ही वायर जोडली तेव्हा
आजोबा तीन दिवस बोलले नाहीत.
चौथ्या दिवशी म्हणाले, अजून मोठा कर.

आमचं सगळ्यात गाजलेलं वीरकाव्य फ्रीजचं.
जुन्या गुस्लेकऱ्यांच्याच मापात, ओळीला दहा अक्षरं,
चारावर श्वास, सहावर तलवार:

    फ्रीज बंद पडला पहाटे,
    लोणी रडे, कोबी गाळी घाम.
    उठे मामा, पक्कड उपसी,
    शॉक बसे, मिशी उभी राही.

मिशी उभी राहिली की मी झांज हाणायची,
ढिश्श,
गिटार किंचाळणार, लोक खुर्च्यांवर चढणार.
कोस्येरिचपासून उझित्सेपर्यंत
ही मिशी कधी वाया गेलेली नाही.

त्या शनिवारी आरिल्येला लग्न.
हंगाम संपलेला, म्हणून रास्पबेरीच्या
रिकाम्या शीतगृहातच टेबलं मांडलेली.
राकियाच्या तिसऱ्या फेरीला आजोबांनी गज ओढला
आणि मागच्या टेबलावरून एक म्हातारा उठला.
नवरीचा पणजोबा, रादोसाव.
टोपी काढून छातीशी धरली.
त्याच्या लहानपणी गुस्ले लागली की असंच उभं राहायचे.
शब्द त्याला पोचत नव्हते,
तो एक सूर तेवढा पोचत होता.

फ्रीज बंद पडला.
म्हाताऱ्याची हनुवटी हलायला लागली.
लोणी रडलं, तोही.
हसू कडेकडेने विझत आलं,
एक वेटर सूपसकट थांबला.
स्पासोये आजोबांनी एक डोळा उघडून पाहिलं.
शब्द एकही बदलला नाही,
फक्त घाई सोडली.
मामा उठला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
मला तो अंधारात अनवाणी उठलेला दिसला.

मिशी उभी राहिली.
माझा हात वर. झांज समोर.
तेवीस वर्षं गाईंच्या पोटात हात घालतोय,
असा कधी अडकला नव्हता.

मग म्हातारा टेबलं धरत धरत पुढे आला,
आजोबांच्या कानाशी ओरडला,
"गेला का तो?"
"गेला," आजोबाही ओरडले. "उभ्याने!"
"आणि मागे?"
आजोबांनी आमच्याकडे पाहिलं.
वुकोसावा छताकडे बघत होती.
"मागे सगळं थंड राहिलं. काही नासलं नाही."
म्हाताऱ्याने मान डोलावली, टोपी घातली,
आणि लगेच खेकसला:
आता काय झोपलात? कोलो वाजवा!
आम्ही असं वाजवलं की शीतगृहाचा फ्यूज उडाला
आणि अख्खं लग्न अंधारात गोल फिरत राहिलं.

बिदागी: ठरल्याच्या अर्धे पैसे, गोठवलेल्या रास्पबेरीच्या दोन बादल्या,
आणि डुकराचं एक पिल्लू.
पिल्लाला जागा माझ्या मोठ्या ड्रममध्ये, घोंगडीवर.

मोरावित्साच्या कडेने परतताना
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग तिहोमीर म्हणाला, मिशीवर चुकलास.
मी म्हणालो, हो.
आजोबा झोपले होते, किंवा नव्हते.
वळणावर पिल्लू आतल्या आत लवंडलं.
ढुम्म.
"उशीर केलास," आजोबा डोळे न उघडता म्हणाले.